प्रवास विमा घेताना: तारखा, आजार आणि पहिला फोन

मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेली आई, लुंबिनी आणि पशुपतिनाथाच्या यात्रेच्या बसमध्ये जागा धरलेली जोडपी, उमऱ्याला जाणारं कुटुंब, दुबईत गवंडीकामाचा करार मिळालेला तरुण, कृषी विभागाच्या परदेश अभ्यास दौऱ्यात निवड झालेला हळदीचा शेतकरी. आखाडा बाळापूर आणि कळमनुरी तालुक्यातून परदेशी जाणारी माणसं साधारण अशी असतात. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, गरम कपडे, मसाले-पापड या सगळ्याची तयारी महिनाभर चालते. विमा मात्र शेवटच्या दोन दिवसांत, तोही बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी मोबाइलवर काढून दिलेला असतो. पॉलिसीचा कागद उघडूनही न बघता माणूस विमानात बसतो. हा लेख त्या कागदाबद्दल आहे.

पहिली गोष्ट पैशाची. आपल्याकडे आयुष्मान कार्ड आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचा आधार आहे, काहींकडे मेडिक्लेमही असतो. पण सरकारी योजना ठरवून दिलेल्या रुग्णालयांतच चालते आणि आपल्याकडचे बहुतेक मेडिक्लेम भारताच्या हद्दीपुरतेच असतात. हद्द ओलांडली की माणूस तिथल्या दवाखान्याच्या दृष्टीनं रोख पैसे भरणारा पेशंट. अमेरिकेत 1986 पासून असा कायदा आहे, की तातडीच्या विभागात आलेल्या माणसाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते, त्याच्याकडे पैसे असोत की नसोत. त्यामुळे दारातून कुणी परत पाठवत नाही. पण हा कायदा बिल माफ करत नाही. छातीत दुखलं म्हणून एक रात्र ठेवून घेतलं, रक्ताच्या तपासण्या आणि स्कॅन झाले, एवढ्यावरही बिल हजारो डॉलरांत जातं. ते मुलाच्या किंवा जावयाच्या पत्त्यावर येतं.

म्हणून माझं ठाम मत असं, की प्रवास विमा हा आधी दवाखान्यासाठी घ्यायचा. बॅग हरवणं, विमान उशिरा येणं, पासपोर्ट गहाळ होणं हे सगळं त्याच पॉलिसीत असतं आणि जाहिरातीत तेच ठळक दिसतं. पण बॅग हरवल्यानं कुणाचं शेत विकलं जात नाही. आठ दिवस आयसीयूत राहावं लागलं तर जाऊ शकतं. पॉलिसी निवडताना वेळ द्यायचा तो दवाखान्याच्या पानांना.

विमा कुठे मिळतो? एलआयसी ही जीवन विम्याची कंपनी, तिच्याकडे ही पॉलिसी नसते. सर्वसाधारण विमा आणि आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्या ती देतात. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांबरोबर बऱ्याच खाजगी कंपन्याही यात आहेत. एजंटाकडून घ्या किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून, पण घरून निघायच्या आधी घ्या. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्या माणूस भारतात असतानाच पॉलिसी देतात, तिकडे पोचल्यावर अर्ज केला तर नकार येतो. तिकीट काढताना संकेतस्थळावर एका चौकटीत टिक करून जो स्वस्त विमा मिळतो, त्यात वैद्यकीय खर्चाची रक्कम किती आहे हे बघितल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नका.

आता अर्ज. त्यात सगळ्यात साधा वाटणारा रकाना तारखांचा, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. मुलाकडे सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या आईवडिलांचं उदाहरण घेऊ. 1 मे ला निघाले आणि 31 ऑक्टोबरला परतले. आपण याला सहा महिने म्हणतो. दिवस मोजले तर 184 होतात. बऱ्याच कंपन्यांची एका प्रवासाची पॉलिसी जास्तीत जास्त 180 दिवसांची असते. म्हणजे शेवटचे चार दिवस, परतीच्या लांबच्या विमानप्रवासासकट, विम्याबाहेर. तेव्हा महिने मोजू नका, कॅलेंडर घेऊन दिवस मोजा. 180 च्या वर जात असतील तर परतीचं तिकीट अलीकडे घ्या किंवा जास्त दिवसांची पॉलिसी देणारी कंपनी शोधा. अमेरिकेत किती दिवस राहता येईल हे व्हिसावरच्या तारखेवरून ठरत नाही. विमानतळावरचा अधिकारी उतरताना जी तारीख देतो तीच खरी. ती सहा महिन्यांपर्यंतची असू शकते. विम्याचे दिवस त्या तारखेशी आणि तिकिटाशी, दोन्हींशी जुळायला हवेत.

मध्यरात्रीच्या विमानाचंही असंच. मुंबई किंवा हैदराबादहून सुटणारी बरीच लांब पल्ल्याची विमानं रात्री बारानंतरची असतात. तिकिटावर 2 तारीख, वेळ पहाटे सव्वाची, आणि घरून निघायचं 1 ला सकाळी. पॉलिसी 1 तारखेपासून घ्या, एका दिवसाच्या हप्त्यानं फार फरक पडत नाही. परतीतही तिकडच्या तारखेला निघून इकडे दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पोचतो. शेवटची तारीख इकडे पोचण्याची टाका.

दुसरा रकाना नावाचा. आपल्या भागात आधार, मतदान कार्ड आणि पासपोर्ट यांवर एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं: कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये, कुठे आडनावाची जागाच रिकामी. पॉलिसीवर पासपोर्टवरचं नाव, त्याच स्पेलिंगनं आणि त्याच क्रमानं असलं पाहिजे. जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांकही पासपोर्ट समोर ठेवूनच भरा.

तिसरा रकाना देशांचा. बहुतेक कंपन्या जगाचे दोन-तीन भाग करतात: आशिया, अमेरिका-कॅनडा सोडून बाकी जग, आणि अमेरिका-कॅनडासह सगळं जग. अमेरिकेतले दवाखाने सगळ्यात महाग, म्हणून तिसऱ्याचा हप्ता सगळ्यात जास्त. तिथे जायचं असेल तर स्वस्तातला पर्याय घेऊन चालत नाही. युरोपात शेंगेन व्हिसा हवा असेल तर विमा सक्तीचाच आहे. किमान 30,000 युरोंचं संरक्षण, शेंगेन गटातल्या सगळ्या देशांत चालणारं आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस धरणारं. तातडीचे उपचार, रुग्णाला किंवा मृतदेहाला मायदेशी आणण्याचा खर्च हे त्यात असावंच लागतं. अभ्यास दौऱ्यावर युरोपात जाणाऱ्या शेतकऱ्यांचा विमा बहुतेक वेळा सहल कंपनी काढते, तरी पॉलिसीची प्रत स्वतःच्या मोबाइलमध्ये आणि कागदावर मागून घ्या.

नेपाळबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण मराठवाड्यातून सगळ्यात जास्त माणसं बसनं जातात ती तिथेच. लुंबिनी, पशुपतिनाथ, पोखरा, मुक्तिनाथ. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, मतदान ओळखपत्रावरही जाता येतं. त्यामुळे आपण परदेशी जातोय असं कुणाला वाटतच नाही आणि विम्याचा विषय निघत नाही. पण सोनौलीची सीमा ओलांडली की आयुष्मान कार्ड चालत नाही. 23 ऑगस्ट 2024 ला पोखऱ्याहून काठमांडूकडे जाणारी जळगाव जिल्ह्यातल्या भाविकांची बस तनहुं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीकाठी कोसळली. वरणगाव, भुसावळ परिसरातली माणसं होती. 27 जण गेले. हवाई दलाच्या विमानानं मृतदेह जळगावला आणले गेले. एवढ्या मोठ्या अपघातात सरकार धावून येतं. पण एकट्यादुकट्या यात्रेकरूचा पाय मोडला, किंवा मुक्तिनाथच्या उंचीवर श्वास कोंडला आणि हेलिकॉप्टरनं खाली आणावं लागलं, तर तो खर्च घरच्यांनाच उभा करावा लागतो. नेपाळला जाताना पॉलिसी घ्या आणि घेताना तीन गोष्टी विचारा: नेपाळ यात धरलेला आहे का, किती मीटर उंचीपर्यंतच्या प्रवासाला संरक्षण आहे, आणि हेलिकॉप्टरचा खर्च मिळतो का. उंचीची मर्यादा बऱ्याच पॉलिसींत असते.

उमऱ्याच्या व्हिसाबरोबर सौदीतला वैद्यकीय विमा जोडलेला असतो. तो कशाकशाला लागू आहे हे टूरवाल्याकडून समजून घ्या. आधीपासूनचे आजार आणि परतीचा प्रवास यांसाठी वरून वेगळी पॉलिसी घ्यायची की नाही, हे त्यावरून ठरवता येईल.

आता अर्जातला सगळ्यात अवघड प्रश्न. आधीपासून काही आजार आहे का? समजा वडील चौसष्ट वर्षांचे आहेत. कळमनुरीच्या डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वी बीपीची एक गोळी आणि शुगरची एक गोळी सुरू केली, तेव्हापासून दोन्ही चालू आहेत. पुण्यात नोकरी करणारा मुलगा रात्री मोबाइलवर अर्ज भरतोय. प्रश्न येतो, तो वडिलांना फोन करतो. वडील म्हणतात, "मला काय झालंय? मी तर अजून शेतात जातो." मुलगा 'नाही' वर टिक करतो. हप्ता थोडा कमी दिसतो, पॉलिसी लगेच ईमेलवर येते. तिकडे तीन महिन्यांनी चक्कर आली, दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरनं विचारलं कोणती औषधं घेता, आणि वडिलांनी खरं ते सांगितलं. ते सांगायलाच हवं, नाहीतर उपचार चुकतील. केसपेपरवर पहिल्याच ओळीत बीपी आणि शुगर लिहिलं जातं. कंपनी दावा तपासताना तोच केसपेपर मागवते. अर्जात 'नाही' आणि केसपेपरवर 'चार वर्षांपासून'. दावा फेटाळायला कंपनीला आणखी कारण लागत नाही.

गोळी चालू आहे म्हणजे आजार आहे, असंच धरा. बीपी, शुगर, थायरॉइड, दमा, अँजिओप्लास्टी, जुनं ऑपरेशन, सगळं लिहा. हप्ता वाढेल, काही वेळा कंपनी तपासण्या सांगेल, एखादी कंपनी नाकारेलही. नाकारली तर दुसरीकडे विचारता येतं.

आजार जाहीर केला म्हणजे त्याचा सगळा खर्च मिळतो, असंही नाही. बहुतेक साध्या पॉलिसींत आधीपासूनच्या आजाराला संरक्षण नसतं, किंवा जीव धोक्यात आला तरच आणि ठरावीक रकमेपर्यंतच असतं. 1 लाख डॉलरची पॉलिसी असली तरी आधीच्या आजारासाठी त्यातला छोटासा हिस्साच मिळू शकतो. हा आकडा पॉलिसीत शोधा, सापडला नाही तर एजंटाला लेखी विचारा. शुगर-बीपी असलेल्या माणसासाठी मोठ्या विमा रकमेपेक्षा हा आकडा महत्त्वाचा. थोडा जास्त हप्ता घेऊन हे संरक्षण वाढवून देणाऱ्या पॉलिसी असतात आणि वयस्कर माणसांनी त्याच घ्याव्यात असं मला वाटतं. नेहमीच्या गोळ्या, चष्मा, नियमित तपासणी यांचे पैसे कोणतीच प्रवास पॉलिसी देत नाही. म्हणून मुक्कामाला पुरतील एवढ्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, इथूनच न्या. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कंपनीनं दिलेलं नाव तिकडे कुणाला कळत नाही.

याच्या जोडीनं बघायच्या आणखी दोन गोष्टी म्हणजे सब-लिमिट आणि डिडक्टिबल. साठीच्या पुढच्या माणसांच्या पॉलिसीत सब-लिमिट फार असतात. म्हणजे एकूण विमा 1 लाख डॉलरचा, पण खोलीचं भाडं दिवसाला इतकंच, आयसीयू दिवसाला इतकंच, सर्जनची फी इतकीच. समजा आयसीयूची मर्यादा दिवसाला 2,000 डॉलर आहे आणि दवाखान्यानं दिवसाला 7,000 लावले. रोजचे 5,000 डॉलर तुमच्या खिशातून. चार दिवसांचे 20,000 डॉलर, आणि डॉलर 90 रुपये धरला तर 18 लाख रुपये. विमा रकमेला हातही लागलेला नाही आणि तरी घरच्यांवर 18 लाखांचा बोजा. त्यामुळे अमेरिकेला जाताना सब-लिमिट नसलेली पॉलिसी मिळत असेल तर 50 हजार डॉलरची तशी पॉलिसी मी 1 लाखाच्या सब-लिमिटवाल्या पॉलिसीपेक्षा वर ठेवीन. डिडक्टिबल म्हणजे प्रत्येक दाव्यात सुरुवातीचा जो हिस्सा आपण भरायचा तो, उदाहरणार्थ पहिले 100 डॉलर. तो थोडा असेल तर फारशी चिंता नाही.

अमेरिकेतली मुलं कधी कधी तिथल्याच कंपनीची, पाहुण्यांसाठीची पॉलिसी घेतात. त्यात दोन जाती असतात. एकीत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, दुसरीत बिलाचा मोठा वाटा मिळतो. पहिली स्वस्त असते आणि मोठ्या आजारपणात अपुरी पडते. दुसरीचा फायदा असा, की तिथल्या दवाखान्यांच्या जाळ्यात ती ओळखीची असते, बिल थेट कंपनीकडे जातं. मुलाला ही चौकशी करायला सांगा आणि दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून ठरवा.

कशाला पैसे मिळत नाहीत, त्या पानावर थोडक्यात नजर टाका. दारू पिऊन झालेला अपघात, साहसी खेळ, डॉक्टरनं प्रवास करू नका म्हटलं असताना केलेला प्रवास, मुद्दाम उपचारासाठीच परदेशी जाणं, युद्ध. बाळंतपणाचा खर्चही बहुतेक पॉलिसींत नसतो, तेव्हा गरोदर मुलगी प्रवासाला निघाली असेल तर हे वेगळं विचारा.

आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांचा विषय वेगळा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असतं, आणि ठरावीक 18 देशांत नोकरीला जाताना त्यांना सरकारची परवानगी घ्यावी लागते. या परवानगीबरोबर प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाख रुपये, आणि 2017 च्या सुधारणेनुसार हप्ता दोन वर्षांसाठी 275 रुपये, तीन वर्षांसाठी 375 रुपये अधिक कर. इतक्या थोड्या पैशांत हे मोठं संरक्षण आहे. पण एजंटानं पर्यटक व्हिसावर नेलं तर हा विमा होतच नाही. पर्यटक व्हिसावर कामाला जाऊ नका. पॉलिसीची प्रत बायको किंवा आईजवळ ठेवून जा. वारसाचं नाव कोणतं लिहिलंय, तेही त्यांना सांगा.

पॉलिसी हातात आली. आता त्यातला मदतीचा फोन नंबर शोधा. हा विमा कंपनीच्या इथल्या शाखेचा नंबर नव्हे, तिकडे चोवीस तास चालणाऱ्या मदत केंद्राचा असतो. तो घरातल्या तिघांच्या मोबाइलमध्ये आणि आजोबांच्या पाकिटातल्या चिठ्ठीवर असू द्या. तब्येत बिघडली तर आधी रुग्णवाहिका, अमेरिकेत 911, युरोपात 112. माणूस दवाखान्यात पोचला की लगेच या केंद्राला कळवायचं, पॉलिसी क्रमांक सांगायचा आणि त्यांनी दिलेला दाव्याचा क्रमांक लिहून घ्यायचा. पॉलिसीत यासाठी तासांची मर्यादा असते. पीक विम्यात नुकसानीची माहिती 72 तासांत द्यावी लागत असे, आणि खरं नुकसान होऊनही उशिरा कळवल्यानं हात चोळत बसलेले शेतकरी बाळापूर परिसरात सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. प्रवास विम्यातही काम तसंच चालतं. कळवलं तर केंद्र दवाखान्याशी बोलतं, शक्य असेल तिथे कॅशलेस करतं. न कळवता बिल भरून आलात तर पैसे मागायची वाट लांबते.

बिल स्वतः भरावं लागलं तर डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिलं, पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या आणि तपासण्यांचे अहवाल, सगळं मूळ स्वरूपात आणा. पासपोर्टची शिक्क्याची पानं आणि बोर्डिंग पासही ठेवा, कारण तुम्ही त्या तारखांना तिकडे होता हे त्यावरून दिसतं. नुसत्या एकरकमी बिलावर कंपनी पैसे देत नाही, कशाचे किती हे हवं. सामान हरवलं तर विमानतळ सोडायच्या आधी विमान कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. माँट्रियल करारानुसार सामानाची जबाबदारी आधी विमान कंपनीचीच आहे, आणि डिसेंबर 2024 पासून ती माणशी 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) पर्यंत, म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास आहे. विमा त्याच्या वरचा. पासपोर्ट हरवला तर पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास.

मुक्काम वाढवायचा असेल तर पॉलिसी संपायच्या आधी मुदतवाढ मागा. मार्च 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली तेव्हा मुलांकडे गेलेले किती तरी मराठी आईवडील तिकडेच अडकले. अडकलेल्यांना परत आणणारी वंदे भारत मोहिमेची विमानं 7 मे पासून सुरू झाली, तोवर अनेकांची पॉलिसी संपत आली होती. मुदतवाढ देताना कंपनी तब्येत ठीक असल्याचं लिहून घेते. आजारी पडल्यावर मागितली तर मिळणं अवघड.

मृत्यूबद्दल घरात कुणी बोलत नाही, पण पॉलिसीत त्याचं कलम असतं आणि ते वाचायला हवं. पार्थिव भारतात आणण्याचा किंवा तिथेच अंत्यसंस्कार करण्याचा खर्च किती रकमेपर्यंत मिळेल, ते त्यात लिहिलेलं असतं. रसायनं भरणं, पेटी, मृत्यूचा दाखला, दूतावासाचं ना-हरकत पत्र, विमानाचं भाडं, हे सगळं मदत केंद्र उभं करून देतं. विमा नसलेल्या आणि हातात काहीच नसलेल्या भारतीयांसाठी दूतावासाकडे 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, गरजूंनी तो मागावा.

दावा नाकारला गेला तर कंपनीकडून कारण लेखी घ्या. त्यात पॉलिसीचं कोणतं कलम दाखवलंय ते बघा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. विमा नियामकाचं बिमा भरोसा हे पोर्टल आणि 155255 हा फोन नंबर आहे, तिथेही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. आपल्या भागासाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. फी लागत नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे. सोबत पॉलिसी, अर्जाची प्रत, नाकारल्याचं पत्र आणि मदत केंद्राला पहिला फोन केला त्या दिवसाची नोंद जोडा.